चिलटाच्या नाकामागे एक आयुष्य

केळ्यांची फणी आणून दोन दिवस झाले की ओट्यावर चिलटं घोंगावू लागतात. खिडकीला जाळी, दाराला पडदा, ओटा फिनेलनं पुसलेला, तरी ही बया येतेच! अंजनगावची केळी असोत, वरूड-मोर्शीची संत्री असोत की पावसाळ्यातले पेरू, फळाला जरा मऊपणा आला की हिला खबर लागलीच म्हणून समजा. आपण पदरानं हाकलतो, फळं फ्रीजमध्ये टाकतो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मैत्रिणींनो, या चिलटाला खबर लागते तरी कशी, हा प्रश्न तुम्हाआम्हाला क्षणभरच पडतो. पण एका बाईनं त्याच प्रश्नासाठी तीसेक वर्षं दिली. मूळच्या गोव्याच्या घरातली, केनियात जन्मलेली आणि मुंबईत येऊन काम केलेली ही शास्त्रज्ञ म्हणजे व्हेरोनिका रॉड्रिग्ज. नाव फारसं कानांवर पडलेलं नसेल. सिनेनटीचं आणि क्रिकेटपटूचं नाव आपल्या मुलांना पाठ असतं, प्रयोगशाळेतल्या बाईचं नसतं. म्हणूनच आज त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं.

हे चिलट आहे तरी कोण?

शास्त्रज्ञ त्याला ड्रॉसोफिला म्हणतात. लांबी जेमतेम अडीच मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून थोडी मोठी. डोळे लालबुंद. फळ आंबू लागलं की त्यावर यीस्ट वाढतं, आपण इडलीचं पीठ आंबवतो ना, त्यातला प्रकार. चिलटाला ओढ असते ती या आंबण्याच्या वासाची. मादी त्याच फळावर अंडी घालते. बाजारातून आणलेल्या फळासोबत ही अंडी आपणच घरात आणतो, म्हणून जाळी लावूनही उपयोग होत नाही.

ऊब असली की दहा दिवसांत अंड्यापासून माशी तयार. एक मादी काहीशे अंडी घालते. आपल्याला ही कटकट, पण शास्त्रज्ञांना हेच हवं असतं. माणसाच्या चार पिढ्या पाहायच्या तर शंभर वर्षं लागतील, या माशीच्या चार पिढ्या सव्वा-दीड महिन्यात पाहून होतात. पाळायचा खर्चही नाही. काचेच्या बाटलीत मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्टपणासाठी चायना ग्रास शिजवून ओतायचं, वर कापसाचा बोळा लावायचा, की झाला संसार! हो, तेच चायना ग्रास, ज्याचं आपण उन्हाळ्यात पुडिंग करतो.

आणि गंमत अशी, की माणसाच्या आजारांशी ज्यांचा संबंध सापडला आहे अशा जनुकांपैकी जवळजवळ पाऊण जनुकांची भावंडं या माशीच्या अंगात आहेत. जनुक म्हणजे आईवडिलांकडून आलेली शरीर घडवण्याची लेखी सूचना. एकेका सूचनेत बिघाड झाला तर काय होतं, हे माशीत पाहता येतं. माणसात तसं करून पाहता येत नाही, आणि करूही नये.

गोव्याचं घर, केनियाचा जन्म

पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातली पुष्कळ कुटुंबं पोटासाठी पूर्व आफ्रिकेत गेली. व्हेरोनिकाबाईंचे आईवडील मूळचे गोव्याचेच. बाईंचा जन्म केनियात, १९५३ सालचा. कॉलेजसाठी त्या शेजारच्या युगांडात, कंपाला शहरातल्या मकेरेरे विद्यापीठात गेल्या. पण तो काळ इदी अमीनचा. १९७२ मध्ये त्यानं आशियाई लोकांना देश सोडून जायला सांगितलं. दुकानं, घरं, भांडीकुंडी जागच्या जागी टाकून हजारो कुटुंबं निघाली. अशा दिवसांत तिथलं शिक्षण सुटलं आणि ही मुलगी पोचली थेट आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. तिथं सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन १९७६ साली त्यांनी पदवी मिळवली.

आपल्याकडे मुलीनं अकोल्याहून पुण्याला शिकायला जायचं म्हटलं तरी घरात आठ दिवस चर्चा चालते. या मुलीनं विशीच्या आत-बाहेर तीन देश पाहिले, तेही हौसेनं नव्हे. आणि पुढं काय करायचं, याचं उत्तर तिला सापडलं चौथ्या देशात, म्हणजे आपल्या.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा डॉ. ओबैद सिद्दिकी होते. १९६२ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून त्यांनी तिथं जीवशास्त्राचा नवा विभाग उभा केला. आधी ते जंतूंच्या जनुकांवर काम करत, नंतर वळले माशीकडे. अमेरिकेत सीमोर बेंझर या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी अशा माश्या शोधल्या होत्या, ज्या उष्णता वाढली की लुळ्या पडतात आणि गारवा मिळाला की पुन्हा टुणकन उठतात. (आपल्या अकोल्याच्या मे महिन्यात आपलीही गत काही वेगळी नसते म्हणा!) त्यातून कळलं ते महत्त्वाचं. एका जनुकात बिघाड झाला की नसेतून धावणारा निरोप अडू शकतो. म्हणजे नसांचं काम एकेक जनुक हाती धरून उलगडता येईल.

सिद्दिकींचं काम वाचून व्हेरोनिकाबाईंनी त्यांना पत्र लिहिलं, आणि १९७७ मध्ये त्या कुलाब्याच्या त्या संस्थेत दाखल झाल्या. वय चोवीसच्या आसपास. ज्या देशातून आईवडील गेले, त्या देशात लेक परत आली ती माशीच्या नाकासाठी!

मिठाला साखर समजणारी माशी

आता तुम्ही म्हणाल, माशीला वास येतो की नाही हे तिला विचारायचं कसं? त्यासाठी एक साधी युक्ती होती. इंग्रजी वाय अक्षरासारखी काचेची नळी घ्यायची. एका फाट्यातून वासाची हवा सोडायची, दुसऱ्यातून साधी हवा. खालून माश्या सोडायच्या आणि कुठल्या फाट्यात किती गेल्या ते मोजायचं. बस्स. पण मोजायचं म्हणजे एकदा नाही, शेकडो वेळा, हजारो माश्यांचं. तांदूळ निवडायचा कंटाळा येणाऱ्या बाईला हे काम जमायचं नाही.

माश्यांना विशिष्ट रसायन देऊन त्यांच्या पिढीत जनुकांचे बिघाड घडवायचे आणि त्यांतून नेमक्या अशा माश्या वेचायच्या, ज्यांना एखादा वास येतच नाही किंवा एखादी चव कळतच नाही. अशा बिघडलेल्या माश्यांवरचं त्यांचं आणि सिद्दिकींचं लेखन १९७८ मध्येच छापून आलं. १९८१ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

चवीची गोष्ट तर फारच मजेदार आहे. माशीची जीभ तोंडात नसते. सोंडेच्या टोकाला आणि पायांनाही बारीक केस असतात, त्यांनीच ती चव घेते. भुकेल्या माशीच्या पायाला साखरेच्या पाण्याचा थेंब लावा, ती लगेच सोंड बाहेर काढते. म्हणजे आपल्या ताटाभोवती माशी चालते तेव्हा ती चालता चालता चाखत असते! एकेका केसात तीन-चार नसा असतात. एक साखर ओळखते, एक पाणी, बाकीच्या मीठ. साखरेची नस बोलली की माशी पुढं येते, जास्त मिठाची बोलली की मागं सरते.

त्या प्रयोगशाळेत एक अशी माशी सापडली की मीठ पाहून मागं सरायचं सोडून ती आवडीनं पुढं यायची. का? तर एका जनुकात बिघाड झाल्यामुळे तिची साखर ओळखणारी नस मिठालाही हुंकार देऊ लागली होती. मेंदूला बिचाऱ्याला कळणार कसं? साखरेच्या नसेतून निरोप आला म्हणजे साखरच, असं तो धरून चालला. कविता अरोरा, व्हेरोनिका रॉड्रिग्ज, सिद्दिकी आणि सहकाऱ्यांचा हा शोध १९८७ मध्ये ‘नेचर’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जरा थांबून याचा विचार करा बरं. गोडपणा साखरेत असतो असं आपण समजतो. पण माशीपुरतं तरी दिसलं ते असं, की निरोप कुठल्या नसेतून आला यावर चव ठरते. आपल्या ओट्याशेजारी उडणाऱ्या जिवानं एवढी मोठी गोष्ट सांगितली.

वासाचा नकाशा

पीएच.डी.नंतर व्हेरोनिकाबाई जर्मनीतल्या ट्यूबिंगेनला गेल्या. तिथं एरिख बुखनर यांच्याबरोबर त्यांनी हाती घेतलेला प्रश्न असा. माशीच्या डोक्यावरच्या दोन शिंगांवर (त्यांना स्पृशा म्हणतात) वास टिपला जातो, तो मेंदूत कुठं जातो?

माशीच्या मेंदूच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना, डाळिंबाच्या दाण्यांसारखे पुंजके असतात, प्रत्येक बाजूला पन्नासेक. शिंगांवरच्या नसा येऊन या दाण्यांत टेकतात. केळ्याचा वास आला तर सगळे दाणे जागे होतात, की ठरावीकच?

माशीचा मेंदू खसखशीपेक्षाही बारीक. त्यात डोकवायचं कसं? त्यासाठी वापरली एक खास साखर. ती किंचित किरणोत्सारी असते आणि पेशीला ती पचवता येत नाही. जी पेशी जास्त काम करते तिला जास्त भूक लागते, म्हणून ती ही साखर जास्त ओढून घेते, आणि ती तिथंच अडकून बसते. माशीला ही साखर द्यायची, मग एखादा वास हुंगवायचा. पुढं मेंदूचे पातळ पातळ काप करून त्यांची छापचित्रं घ्यायची. जिथं काम झालं तिथं काळे ठिपके उमटतात.

१९८४ मध्ये हा पहिला नकाशा छापून आला. मुंबईला परतल्यावर १९८८ मध्ये व्हेरोनिकाबाईंनी एकटीच्या नावानं पुढचा निबंध लिहिला. वेगळा वास, वेगळे दाणे. म्हणजे वास मेंदूत एखाद्या आकृतीसारखा उमटतो. रांगोळीचे ठिपके तेच, पण कुठले जोडले यावरून कमळ की स्वस्तिक ते ठरतं, तसंच हे.

१९९१ मध्ये अमेरिकेत लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी उंदरांमध्ये वास ओळखणाऱ्या जनुकांचं मोठं कुटुंब शोधलं. २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माशीतली तशी जनुकं १९९९ मध्ये सापडली, आणि मग दिसलं की एका प्रकारच्या सगळ्या नसा एकाच दाण्यात येऊन टेकतात. जनुकं हाती यायच्या कितीतरी आधी आपल्या मुंबईतली बाई त्या दाण्यांची चित्रं काढत होती. नोबेलच्या यादीत तिचं नाव नाही. पण पाया घालणाऱ्याचं नाव कळसावर कुठं लिहितात?

फोडणीचा वास आपल्यालाच का येत नाही?

बाई पुढं टाटा संस्थेतच राहिल्या, जीवशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. वासाच्या नसा वाढताना आपापला पत्ता कसा शोधतात, यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. नंतर त्या सिद्दिकींनीच उभ्या केलेल्या बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गेल्या.

त्यांच्या शेवटच्या कामांपैकी एक आपल्या स्वयंपाकघरातलंच वाटेल. पाहुणी दारातच म्हणते, “काय खमंग वास सुटला आहे हो!” आणि आपल्याला मात्र त्याची जाणीवही नसते, कारण आपण तासभर त्यातच उभ्या असतो. माशीचंही असंच होतं. चार दिवस तिला एकाच वासात ठेवलं की त्या वासाकडे ती लक्ष देईनाशी होते. नाक थकतं म्हणून असं होत असेल, असं वाटेल. पण दिसलं ते वेगळंच. नाक ठणठणीत असतं. मेंदूतल्या त्या दाण्यांमध्ये ब्रेकचं काम करणाऱ्या पेशी असतात, त्या ठरावीक वासापुरता ब्रेक घट्ट करतात. रोजचं, निरुपद्रवी ते बाजूला सारायचं म्हणजे नवं काही आलं तर चटकन कळतं. वास काढून घेतला की काही दिवसांनी ब्रेक सैल होतो. हे काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. सहकारी होते मणि रामस्वामी, ज्यांची प्रयोगशाळा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात, म्हणजे बाईंनी पदवी घेतली त्याच कॉलेजात!

ते छापलेलं पाहायला मात्र बाई नव्हत्या. १० नोव्हेंबर २०१० रोजी कॅन्सरनं त्यांचं निधन झालं. वय अवघं सत्तावन्न. सिद्दिकीसर २०१३ मध्ये गेले.

काम मात्र थांबलं नाही. २०२४ मध्ये या माशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. १,३९,२५५ पेशी आणि त्यांच्यातले पाच कोटींहून अधिक जोड! कितीतरी देशांतल्या लोकांनी मिळून तो केला. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी पेशी आहेत, तेव्हा आपला नकाशा अजून लांब आहे.

“माशीचं नाक पाहून काय भेटते?”

हा प्रश्न माझ्या शेजारच्या काकूंचा. मी त्यांना हे सगळं हौसेनं सांगत होते, तर त्या म्हणाल्या, “अवो बाई, माशीचं नाक पाहून काय भेटते? वावरातली अळी मरते का त्यानं?” प्रश्न अगदी रास्त आहे. वऱ्हाडात राहून किडीचं नाव काढलं की पऱ्हाटीच आठवणार. आपण शहरात राहत असलो तरी सासरचं नाही तर माहेरचं वावर असतंच.

तर काकू, उत्तर असं. व्हेरोनिकाबाईंनी अळी मारायचं औषध शोधलं नाही. पण कीटक वासावर जगतो आणि तो वास नसांमधून मेंदूत जातो, हे ज्ञान आपल्या वावरात आधीच येऊन पोचलेलं आहे.

गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्री उडतो. मादी अंगातून एक गंध सोडते, नर शिंगांनी तो टिपतो आणि लांबून तिच्यापर्यंत येतो. असा गंध सगळ्यात आधी ओळखला गेला तो रेशमाच्या पतंगाचा, १९५९ मध्ये, आणि त्यासाठी जर्मनीत पाच लाख माद्या लागल्या होत्या. बोंडअळीच्या पतंगाचा गंध १९७३ मध्ये ओळखला गेला. तोच गंध कारखान्यात तयार करून बारीक नळीत भरतात आणि सापळ्यात लावतात. हाच तो कामगंध सापळा. नर बिचारा नवरी शोधत येतो आणि पिशवीत अडकतो.

कृषी विद्यापीठं सांगतात की लक्ष ठेवण्यासाठी एकरी दोन सापळे पऱ्हाटीच्या शेंड्याहून फूटभर उंच लावावे. सलग तीन रात्री एकेका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, तरच फवारणीचा विचार करावा. म्हणजे शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपणही फवारायचं, असं नाही. आधी मोजा, मग ठरवा. वाय आकाराच्या नळीतल्या माश्या मोजण्याचंच हे वावरातलं रूप नाही का?

आणि हे मोजणं का महत्त्वाचं, तेही नसांच्याच भाषेत ऐका. पुष्कळशी कीटकनाशकं किडीच्या नसांवर घाव घालतात. एक नस दुसरीला निरोप देते तो रसायनाच्या रूपात. निरोप पोचला की ते रसायन पुसलं जायला हवं, नाहीतर पुढचा निरोप लिहायचा कुठं? वर्गातल्या फळ्यासारखंच आहे हे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं हे डस्टरच काढून घेतात. फळा भरून जातो, नसा सारख्या ओरडत राहतात, कीटक थरथरून मरतो.

पण तेच रसायन आणि तेच डस्टर माणसाच्या शरीरातही आहे! म्हणून विषबाधा झालेल्या माणसाच्या तोंडातून लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्याची बाहुली बारीक होते, पोटात मुरडा येतो, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडतो. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसेक जण दगावले. त्याच वर्षी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी पोखरली होती. किडीच्या आणि आपल्या नसा एकाच मातीच्या आहेत, हे प्रयोगशाळेतलं वाक्य तेव्हा दवाखान्याच्या वऱ्हांड्यात दिसलं. नसांचं हे काम जितकं नीट कळेल तितकी किडीला लागेल आणि माणसाला लागणार नाही अशी वाट सापडायची आशा. कामगंध सापळा ही त्यातलीच एक वाट. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मंग शिकू द्या माय पोरीइले.”

तर आपल्या पोरींचं काय?

मी आठवड्यातले काही दिवस शाळेत शिकवते. विषय माझा विज्ञान नाही, मी बी.ए. झालेली. पण मुलींच्या वह्यांत कधी फुलपाखराचा पंख चिकटवलेला सापडतो, कधी काडेपेटीत कोष. मोठी माणसं म्हणतात, “टाक ते घाण!” आणि मग दहावीनंतर तीच आपण म्हणतो, की मुलींना विज्ञानाची गोडी नाही.

आपल्या अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथं कीटकशास्त्र शिकवतात. अमरावतीला १९२३ मध्ये सुरू झालेलं जुनं विदर्भ महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे. म्हणजे दार लांब नाही. अडचण असते ती वर्षांची. संशोधन म्हणजे पदवीनंतरही पाच-सहा वर्षं, कमाई बेताची, आणि घरात रोजचा प्रश्न, “लग्नाचं काय?” व्हेरोनिकाबाईंनी १९७७ ला सुरुवात केली आणि तो वासाचा नकाशा नीट हाती आला १९८८ ला. अकरा वर्षं! एवढा धीर मुलीजवळ असतो, बहुतेक वेळा तो घरच्यांजवळ नसतो.

म्हणून एवढंच सांगावंसं वाटतं. तुमची लेक ओट्यावरच्या चिलटाकडे टक लावून बघत असेल तर तिला लगेच पोळ्या लाटायला बोलवू नका. दोन मिनिटं बघू द्या. जमलं तर विचारा, काय दिसतंय गं?

चौकट : घरातली चिलटं आणि फवाऱ्याचे कपडे

चिलटांसाठी : पेल्यात तळाला थोडा व्हिनेगर (तो नसेल तर पिकलेल्या केळ्याचा तुकडा) घ्या. व्हिनेगरमध्ये दुप्पट पाणी घाला, कारण सौम्य वासाकडे चिलट येतं आणि उग्र वासापासून पळतं. भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. कागदाचा शंकू करून अरुंद तोंड खाली ठेवून पेल्यात बसवा. आत गेलेलं चिलट बाहेर येत नाही. मुलांना रोज मोजायला सांगा.

फळं आणल्याबरोबर धुवून पुसून ठेवा. ओल्या कचऱ्याचा डबा रोज रिकामा करा. मोरीच्या जाळीत अडकलेलं खरकटं काढून गरम पाणी ओता. दहा दिवस हे नेमानं केलं की एक पिढी संपते आणि चिलटं आपोआप कमी होतात.

फवाऱ्याच्या कपड्यांसाठी : घरचा माणूस फवारून आला की कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. वेगळ्या बादलीत, साबणानं, हातमोजे किंवा हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून धुवा, उन्हात वाळवा. त्याला आधी साबणानं आंघोळ करू द्या, मगच जेवण आणि मगच लेकरू कडेवर.

मळमळ, लाळ, घाम, धूसर दिसणं यांतलं काहीही दिसलं तर लिंबू-ताक पाजत बसू नका. अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा आणि तडक दवाखान्यात न्या. औषधाची बाटली किंवा तिच्यावरचं लेबल सोबत न्यायला विसरू नका, डॉक्टरांना त्यावरूनच उतारा ठरवता येतो. आणि रिकामी बाटली धुवून तेलासाठी, पाण्यासाठी कधीही वापरायची नाही.